पाठ टेकली की पाय चालायचे

आधीच सांगते — शाळेत होते तेव्हा तुमच्या सदरातले अनुभव मी वर्गातल्या मैत्रिणींना मोठ्याने वाचून दाखवायचे आणि आम्ही हसून हसून लोळायचो. कंदील आपोआप विझला, विहिरीजवळ कोणी हाक मारली… मी म्हणायचे, वारा असेल, कान वाजले असतील. आणि आता मीच लिहायला बसलेय. टायपिंगच्या क्लासला एक तास मशीन मिळते, सर बाहेर गेलेत, म्हणून धडाधड टाइप करतेय. चुका झाल्या असतील तर सुधारून घ्या. पण मजकूर बदलू नका, यात मी पदरचं काही घातलेलं नाही.

आम्ही मोहाडीचे, जिल्हा भंडारा. बाजाराच्या मागच्या गल्लीत घर, अख्खी गल्ली विणकरांची. आमच्या समोरच्या लांब खोलीत दोन हातमाग शेजारी शेजारी. जमिनीत खड्डा, त्यात पाय सोडून बसायचं, खाली दोन पावड्या — एकदा उजवी दाबायची, एकदा डावी. एका मागावर माझे बाबा, दुसऱ्यावर मोठे बाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. त्यांची बायको लवकर गेली, मूलबाळ नाही, ते आमच्यातच राहायचे. त्यांचा डावा पाय लहानपणापासून बारीक होता, त्या पायात जोर नव्हता. त्यामुळे त्यांच्या मागाचा आवाजच वेगळा. बाबांचा एकसारखा — धप् धप् धप् धप्. मोठ्या बाबांचा — धप्… टप. धप्… टप. शाळेतून येताना गल्लीच्या तोंडाशीच मला कळायचं, आत्ता कोण विणून राहिलंय ते.

तर १९८२ चा उन्हाळा. त्याच्या आधी वर्षभर मोठे बाबा एकच सांगायचे. बसलं की काही नाही, चाललं की काही नाही, पण बाजेवर पाठ टेकली की कंबर धरते. कोणी आडवी फळी दाबून धरल्यासारखी. मग ते पडल्या पडल्या पाय हलवत राहायचे. म्हणायचे, "पाय चालवले का जरा सुटते." झोप नाही, त्यामुळे दिवसा मागावर डुलक्या. दोन दिवसांची चादर पाच दिवस चालायची.

बाबांना ते पटायचं नाही. एकदा माझ्यासमोरच म्हणाले, "दादा, बसलं का दुखत नाई, झोपलं का दुखते… असं कोनतं दुखनं असते? काम टाराचं सोंग होय हे."

मोठे बाबा चिडले नाहीत. आडवा धागा नेणारा धोटा त्यांनी एकदा इकडून तिकडे टाकला. मग म्हणाले, "तुले दुखल तवा समजल, नामदेव." शाप वगैरे अजिबात नाही हो, साधंच बोलले. धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या मी भरायचे; लगेच मला म्हणाले, "शोभा, कांड्या भरल्या का माय?"

चैत्रात ते गेले. मागावरच. दुपारी चहा घेऊन मी गेले तर डोकं पुढच्या लाकडावर टेकलेलं. मला वाटलं, चला, डोळा लागला बिचाऱ्यांचा. चहा बाजूला झाकून ठेवला आणि परत आले. अर्ध्या तासाने आईने हाक मारली तेव्हा कळलं.

आता मुद्द्याची गोष्ट. आमच्या घरात एक रीत आहे. विणणारा गेला आणि त्याच्या मागावर कापड अर्धं राहिलं, तर तेरवीच्या आत घरातल्याच कोणीतरी ते पूर्ण करून उतरवायचं. माग तसाच ठेवायचा नाही. मोठ्या बाबांच्या मागावर चादर होती, चार हात विणायची राहिली होती. बाबांच्या हाताला एका दिवसाचंही काम नाही. पण बाबा त्या मागावर बसलेच नाहीत. आज बसतो, उद्या बसतो… तेरवी झाली. मग त्यांनी त्या मागावर एक जुनं पोतं टाकलं आणि आपल्या मागावर जाऊन बसले. आई दोनदा बोलली, तर म्हणाले, "त्याच्या जागेवर बसवत नाई मले."

तेरवीनंतर आठवडाही झाला नसेल. जेवण झाल्यावर बाबा बाजेवर आडवे झाले आणि ओरडून उठून बसले. कंबर. उठले की काही नाही. पुन्हा पाठ टेकली, पुन्हा तेच. रात्रीही तेच, दुसऱ्या दिवशीही तेच.

आम्ही काय नाही केलं! मोहाचं तेल कोमट करून चोळलं, गरम वाळूची पुरचुंडी करून शेकलं. बाजेऐवजी खाली चटईवर झोपवलं. कोणी सांगितलं फळी टाका, फळी टाकली. खोली बदलली. आईने त्यांना चार दिवस पवनीला माझ्या आत्याकडे पाठवलं, तिथेही तेच. शेवटी ते भिंतीला टेकून बसल्या बसल्या डुलक्या घ्यायचे. दोन महिन्यांत डोळे खोल गेले, हात थरथरायला लागले, धोटा सुटून खाली पडायचा. गल्लीतले सदाशिव काका, पन्नास वर्षं विणलेला माणूस, रोज डोकवायचे. आधी मस्करी करायचे — "नामदेव, झोपाचं काम वयनीले देऊन टाक, तू नुसता विनत राह्य." मग त्यांनीही मस्करी सोडली. एक दिवस आईला बाजूला घेऊन म्हणाले, "वयनी, असाच राहिला तं दिवाळी नाई पाहात हा मानूस."

तेच बाबांना एसटीने भंडाऱ्याला डॉक्टरकडे घेऊन गेले. एक्सरे काढला. डॉक्टर म्हणाले, मणके पोरासारखे सरळ आहेत, काहीच नाही.

त्या दिवशी घरी मी आणि आई दोघीच. दुपारचं ऊन, बाबांची बाज रिकामी, मी कांड्या भरून थकलेली. पडले. आणि… कसं लिहू. पाठ टेकली आणि कंबरेत आडवं काहीतरी दाबलं गेलं. दोन बोटं रुंद. जीव घाबरा झाला, उठायचं होतं, उठता येईना. आणि माझे पाय हलायला लागले. मी हलवत नव्हते. उजवा जोरात, मग थोडं थांबून डावा, हलकेच. टाचा बाजेच्या पायथ्याच्या लाकडावर आपटत होत्या. जसजसे पाय चालले तसतशी कंबर सुटत गेली.

आई स्वयंपाकघरातून आली आणि दारातच थांबली. तिच्या हाताला पीठ होतं.

"शोभा, हे कोनं शिकवलं तुले?"

मी म्हटलं, "काय?"

"हे तं भाऊजीची चाल होय."

तेव्हा माझ्या कानांना ऐकू आलं. धप्… टप. धप्… टप.

मी त्या बाजेवरून कशी उठले ते मला आठवत नाही. मी जन्मात मागावर बसलेले नाही, आमच्याकडे मुली फक्त कांड्या भरतात. आणि आईने तेव्हा सांगितलं, बाबांची जरा डुलकी लागली की त्यांचे पायही असेच चालतात, रोज. ती दोन महिने ऐकत होती. बोलली नव्हती, कारण बोलून काय करणार.

संध्याकाळी बाबा एक्सरेचं पाकीट घेऊन परत आले. आईने पाणी दिलं आणि सगळं सांगितलं. मला वाटलं चिडतील. चिडले नाहीत. माझ्याकडे वळले.

"तुले बी दुखलं?"

"हो बाबा."

"फळीवानी?"

"हो."

एवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून ते मोठ्या बाबांच्या मागाजवळ गेले. पोतं काढलं, धूळ झटकली. तुटलेले सात-आठ धागे जोडले. मग खड्ड्यात पाय सोडून बसले. मी दाराशी बसून कांड्या देत होते. बाबांचे दोन्ही पाय धडधाकट आहेत, हे लक्षात ठेवा. पण त्या खोलीत धप् धप् ऐकू आलंच नाही. धप्… टप. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. बाबा मान खाली घालून विणत होते, गालावरून पाणी वाहत होतं, ते पुसायला हात रिकामा नव्हता.

दुपारी चादर उतरवली. बाबा जेवले आणि बाजेवर आडवे झाले. आम्ही दोघी श्वास रोखून उभ्या. त्यांनी पाठ टेकली… डोळे मिटले… आणि झोपले. पाय गप्प. आईला भीती वाटून तिने दोनदा त्यांच्या नाकाजवळ बोट धरून पाहिलं. दिवेलागणीला उठले.

सदाशिव काका आले. मी त्यांना चादर दाखवली आणि विचारलं, "काका, मोठे बाबा कुठंपर्यंत विणून गेले आणि बाबांनी कुठून धरलं, सांगा बरं."

ते हसले. "हे तं आंधरा बी सांगल, पोरी. तुह्या मोठ्या बाबाची डावी पावडी पुरी दबत नोती. त्याची एक ओळ घट्ट, एक ढिली. नामदेवची सारी घट्ट."

त्यांनी चादर मांडीवर घेतली आणि एका टोकापासून अंगठा फिरवत गेले. दुसरं टोक आलं. पुन्हा उलटे आले. चष्मा लावला. मग चादर घडी करून माझ्या हातात दिली.

"हे सारं एकाच हाताचं होय," म्हणाले. "तुह्या बापाचा हात यात नाई."

बाबा बाजेवर बसूनच ऐकत होते. म्हणाले, "सोंग नोतं त्याचं, सदाशिव. खरंच दुखत होतं त्याले."

बस, इतकंच घडलं. तेव्हापासून बाबांना दुखलं नाही, मलाही नाही. मी क्लासमधल्या सरांना सांगितलं तर ते म्हणाले, मनाचे खेळ. असतील. मग माझे पाय त्या चालीने कसे चालले? आणि ती चादर? दोन वर्षं झाली, मला काही समजलेलं नाही. तुमच्या वाचकांपैकी कोणाला समजलं तर कळवा.

चादर आम्ही विकली नाही, ती बाबांच्याच बाजेवर असते. एक गोष्ट मात्र बदलली. आता घरात कोणी नुसतं म्हटलं ना की दुखतंय, तर बाबा विचारत नाहीत कुठे, कसं, काहून. हातातला धोटा ठेवतात, उठतात आणि चुलीवर तेल कोमट करायला ठेवतात.