उम्म अल कुवैनचं स्टेशन आणि माझा एक परिच्छेद

दुबईला जायचं ठरलं ते माझ्या भाचीच्या, केतकीच्या, फोनमुळे. तिचा नवरा समीर तिथल्या मराठी मंडळाचा सेक्रेटरी. मंडळाला वार्षिक कार्यक्रमासाठी वक्ता हवा होता. मंदी आलेली, मुंबईहून नट-गायक आणणं परवडत नव्हतं, तेव्हा त्यांना निवृत्त इतिहास शिक्षिका आठवली. विषय मीच दिला: बर्लिनहून बगदादमार्गे आखातापर्यंत येणार होती ती रेल्वे, आणि तिच्यामागचं पैशाचं आणि मुत्सद्देगिरीचं राजकारण. सोबत स्मरणिकेसाठी एक परिच्छेद पाठवा म्हणाले. पाठवला. त्या परिच्छेदाचा या प्रवासाशी जेवढा संबंध आहे, तेवढा विमानाचाही नाही.

मंगळवारी पोहोचले. व्हिसा समीरने काढला होता. तुमचं तिथे कुणी नसेल तर ट्रॅव्हल एजंट काढून देतो, फक्त पासपोर्ट सहा महिने चालणारा हवा. पहिल्या दिवशी करामा या भारतीय वस्तीत राहा, चाला, खा. पराठा आणि माशाची आमटी आठ दिरहम, म्हणजे शंभर रुपये. टपरीवरचा दाट चहा एक दिरहम. खाडी ओलांडायला लाकडी होडी, तिचाही एकच दिरहम. केतकीची लेक इरा माझ्याशी इंग्रजीतच बोलत होती. "आजी, डोन्ट कन्व्हर्ट एव्हरीथिंग," ती होडीत म्हणाली. मी म्हटलं, पेन्शनीत होड्या मोजूनच धरायच्या असतात.

बुधवारी विश्रांती. गुरुवारी दुबईच्या उत्तरेला, उम्म अल कुवैन या छोट्या अमिरातीत जायचं होतं. समीरने गाडी ठरवून दिली ती बशीरभाईंची. बशीरभाई मूळचे रत्नागिरीकडचे, वय साठीच्या आसपास, स्वतःची मिनीबस. पहाटे अल क्वोजच्या कामगार वस्तीतून माणसं भरून जबल अलीच्या बंदराकडे सोडायची, संध्याकाळी परत आणायची. मधला वेळ मोकळा.

"पैले चौदा पॅसेंजर होते बाई," ते म्हणाले. "आता पाच. बाकीच्यांची नोकरी खलास, घरी."

ती सकाळची फेरी मी मुद्दाम पाहिली. जबल अलीला कंपन्यांच्या बसेस एकामागे एक उभ्या, खिडक्यांच्या जाळीला डोकं टेकून झोपलेली माणसं. मागे बंदराच्या क्रेन. तुम्ही उंच इमारती बघायला जाणार असाल तर जा, पण हेही बघा. त्या इमारती या बसेसमधून उतरल्या आहेत.

मग उत्तरेकडे. शारजाच्या अलीकडे ट्रॅफिक तुंबतो, त्यामुळे सकाळी दहानंतर निघा. वाटेत टोल चार दिरहम. शारजा, अजमान मागे पडलं की रस्ता मोकळा होतो, दोन्हीकडे वाळू आणि अर्धवट उभ्या इमारती, वर लोखंडी सळया तशाच. उम्म अल कुवैन मात्र सुंदर आहे, शांत. खाडीत खारफुटी, उथळ पाण्यात लांब पायांचे पक्षी, मासळीबाजारात कुणी ओरडत नाही. तळलेला मासा आणि भात पंधरा दिरहम. मी खुशीत होते.

जेवण झाल्यावर बशीरभाई म्हणाले, "बाई, आता तुमाला माजी जागा दावतो." गावाबाहेर दहा मिनिटं नेलं आणि एका तारेच्या कुंपणापाशी गाडी थांबवली. आत वाळू. एक फलक, त्यावर काचेचं स्टेशन, गाडी, झाडं, गोरी मुलं.

"हितं ट्रेन येणार. सगळ्या आखातात फिरणारी. आनि हितं माजा फ्लॅट. रविवारी बुकिंग भरतो. पंचवीस हजार."

"रुपये?"

"दिरहम वो. तीन लाखाच्या वर. बत्तीस वर्सं हितं काढली, सगळी साठवण तेवढीच. पोरीला दोन खोल्या होतील, भाडं येईल, मी गावी जाईन."

"कुणी सांगितलं ट्रेन येणार म्हणून?"

त्यांनी आश्चर्याने माझ्याकडे बघितलं. "तुमीच की." आणि गाडीच्या खणातून माहितीपत्रक काढून दिलं.

बिल्डरचं माहितीपत्रक. दुसऱ्या पानावर माझा परिच्छेद, खाली माझं नाव. 'शंभर वर्षांपूर्वी युरोपातून निघालेली ती गाडी आखाताच्या किनाऱ्यावर पोहोचायची राहून गेली. आज तो रूळ पुन्हा हाक मारतो आहे. ते स्वप्न पूर्ण होताना पाहण्याचं भाग्य आपल्याला लाभो.'

स्मरणिकेचा शेवट कसा करतात ते तुम्हाला माहीत आहे. आपल्याकडे स्मरणिकेत कुणी खरं लिहीत नाही, शुभेच्छा लिहितात. मीही तेच केलं. भाषणाच्या टिपणात सगळं खरं होतं, परिच्छेदात मात्र भाग्य लाभो. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये अर्थ न कळता धडा वाचणाऱ्या मुलीला सिस्टर बाकावर उभी करत. मी तो धडा स्वतःच लिहिला होता.

परतीच्या वाटेवर मी समीरला फोन लावला. बिल्डर आपल्या कार्यक्रमाचा स्पॉन्सर आहे, असं तेव्हा कळलं.

"मावशी, हॉलचं भाडं त्यांनी भरलंय," समीर म्हणाला. "स्मरणिका छापायलाही त्यांच्याचकडे होती. त्यांनी तेवढा पॅरा उचलला असेल. गुडविल म्हणून."

"मला विचारलं का?"

"तुम्ही प्लीज उद्या काही बोलू नका. मंडळाची अडचण होईल."

"मग भाषणाला बोलावलंस कशाला?"

केतकीने त्या रात्री माझं ताट वाढून ठेवलं आणि खोलीचं दार लावून घेतलं.

शुक्रवारी संध्याकाळी हॉल भरला होता. आपल्याकडे सत्कार आधी आणि भाषण नंतर. बिल्डरचा माणूस, सुटातला, हसरा, त्याने माझ्या खांद्यावर शाल घातली, ओंजळीत नारळ दिला, पाठीमागच्या बिल्डरच्या बॅनरसकट फोटो निघाला. मी माईकपाशी गेले तेव्हा शाल अंगावरच होती.

मी सांगितलं ते असं. ती रेल्वे स्वप्न नव्हती, ती सौदा होती. जर्मन बँकवाल्यांनी तुर्कस्तानच्या सुलतानाकडून हमी घेतली: दर किलोमीटरमागे ठरावीक उत्पन्न मिळालंच पाहिजे, गाडीत माणूस बसो न बसो. ती हमी भरायला आजूबाजूच्या शेतकऱ्यांच्या धान्यावरचा कर गहाण पडला, आणि तो वसूल करणारं खातं युरोपच्या सावकारांच्या हातात. किलोमीटरवर पैसा, मग रूळ मुद्दाम वळणं घेत गेले असंही लोक म्हणत. तिकडे इंग्रजांनी कुवेतच्या शेखाशी गुपचूप करार केला होता की आम्हाला विचारल्याशिवाय कुणाला जागा द्यायची नाही. म्हणजे शेवटचं स्टेशन कुठे असेल ते नकाशा काढणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं, पण कर मात्र आधी सुरू झाला. बर्लिन, लंडन, पॅरिस अनेक वर्षं एकमेकांना पत्रं लिहीत राहिले. ज्यांच्या शेतातून रूळ जाणार त्यांना एकही पत्र गेलं नाही. मग पहिलं महायुद्ध आलं.

"माझ्या नावाने छापलेल्या परिच्छेदात मी याला स्वप्न म्हटलं," मी म्हणाले. "ते चूक होतं. मी ते मागे घेते. आणि आपले स्पॉन्सर इथे आहेतच, तर एकच विचारते. उम्म अल कुवैनचं स्टेशन तिथेच होणार, हे बुकिंगच्या कागदावर लिहून देता का?"

तो हसतच उठला. "मॅडम, इन्शाल्ला, प्लॅनमध्ये आहे."

"कागदावर आहे का?"

"अभी स्टडी चल रहा है, मॅडम."

हॉलमध्ये कुणी खोकलं. समीर जमिनीकडे बघत होता. बशीरभाई शेवटच्या रांगेत दाराशी उभे होते, हाताची घडी घालून.

घरी सोडायला बशीरभाईच आले. गाडी सुरू करून म्हणाले, "बाई, लिवलंत तुमी. आता उलटं बोललात पन तुमीच. बायकोला फोनवर वाचून दाखवलं होतं मी. ती आता काय म्हनल?"

"माझ्यावर ढकला. बाईंनी चूक केली म्हणा."

"चूक तुमची, फ्लॅट माजा गेला." ते माझ्याकडे बघत नव्हते. "गावी जायाचं धरून बसलो होतो, बाई."

उतरताना मी भाड्याचे दीडशे दिरहम पुढे केले. त्यांनी मोजून घेतले. मला ते बरं वाटलं.

शनिवारी परत आले. खर्च विचाराल तर विमान धरून अठ्ठावीस हजार रुपयांत झालं, राहणं भाचीकडे. खाडी, मासळी, होडी, सगळं पाहण्यासारखं आहे. जरूर जा.

दोन आठवड्यांनी बशीरभाईंचा फोन आला. त्यांनी पैसे भरले नाहीत. पण त्यांच्या मेहुण्याने भरले. तो कार्यक्रमाला नव्हता, त्याला नवं माहितीपत्रक मिळालं.

"त्यात आता तुमचा फोटो पन हाय बाई," ते म्हणाले. "शाल घेतलेला."

शाल मी त्याच दिवशी कुरिअरने बिल्डरच्या पत्त्यावर पाठवली, सोबत पत्र, पूर्ण वाक्यांत, सिस्टरांनी शिकवलं होतं तसं. पोच आली नाही. केतकी म्हणते, आता विषय सोड मावशी. समीरने पुढच्या कार्यक्रमाला जादूगार ठरवलाय.

म्हणून हे इथे लिहिते आहे, कारण ते माहितीपत्रक पुण्यातही फिरतं आहे, आणि त्यातली शाल घेतलेली बाई मी आहे. दुबईला जाणार असाल आणि कुणी तुमच्या ओंजळीत नारळ ठेवून कॅमेऱ्याकडे बघा म्हणालं, तर आधी मागे वळून बॅनर वाचा.