बर्फाची आंघोळ

बर्फाला आंघोळ घालतात, हे मला लग्न होऊन तुळजापूरला आल्यावर कळलं. माझं माहेर सोलापूरचं. आमच्याकडे बर्फ म्हणजे भुशातून काढायचा, तांब्याभर पाण्यानं भुसा घालवायचा, गोणपाटात गुंडाळून बत्त्यानं फोडायचा आणि मिठासकट बादलीत टाकायचा. त्याला सोवळ्यात घ्यायचं असतं हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. माझ्या सासूबाईंच्या आलं. मी तेव्हा मनातल्या मनात त्यांना काय काय बोलले ते इथे लिहिण्याजोगं नाही.

निजामावर पोलीस ॲक्शन होऊन काही वर्षं लोटली होती, आम्ही मुंबई राज्यातही आलो होतो. पण माहेरचे अजून ‘पोरगी मोगलाईत दिली’ म्हणायचे आणि सोलापूर पूर्वी इंग्रजांच्या मुलखातलं, म्हणून सासूबाई मला ‘इंग्रजीतली’ म्हणायच्या. मी चहा गाळला तरी इंग्रजी, वेणी घातली तरी इंग्रजी. घर पुजाऱ्यांचं असलं तरी आमचे हे शाळेत मास्तर होते. घरात आम्ही दोघं, सासूबाई आणि आत्या.

आत्या म्हणजे माझ्या सासऱ्यांची थोरली बहीण. सासरे मी येण्याआधीच गेले होते. आत्यांचं लग्न झालं तेव्हा त्यांचे दुधाचे दात पडत होते, आणि ते सगळे पडायच्या आत त्या कुंकू पुसून माहेरी परत आल्या, त्या कायमच्या. पुढे सासूबाई या घरात परकर नेसून आल्या तेव्हा त्यांना न्हाऊमाखू घालण्यापासून भाकरी थापायला शिकवण्यापर्यंत सगळं आत्यांनी केलं. त्यामुळे सासूबाई जगाला दरडावायच्या, पण आत्यांपुढे त्यांचा आवाज चढत नसे.

आत्यांचं सोवळं कडक. नळाला आत चामड्याची चकती असते असं त्यांनी कुठंसं ऐकलं होतं, तेव्हापासून नळ वर्ज्य. पाणी आडाचं, तेही सोवळ्यानं शेंदलेलं. आणि थंड त्यांना सोसत नाही, हे घरात सगळ्यांना पाठ होतं. भर वैशाखात त्या कोमट पाणी पीत. पन्ह्याचा पेला आला की आधी चुलीजवळ ठेवत. मला हसू यायचं, पण सुनेनं हसायचं कुठं, तर तोंडाला पदर लावून आडाकडे जाऊन.

त्या वर्षी चैत्र सरता सरता आत्यांना ताप आला. ताप उतरला, पण तोंड आलं. जिभेवर, गालाच्या आतून, टाळूला, सगळीकडे फोड. भाताची पेज ओठाला लागली तरी डोळ्यांतून पाणी यायचं. दूध नको, ताक नको. आधीच काटकुळा जीव, तो अंथरुणात दिसेनासा व्हायला लागला. वैद्यबुवांनी नाडी पाहिली आणि आम्हाला पडवीत बोलावून सांगितलं, ‘‘औषधानं तोंड बरं होईल, पण तोवर पोटात काही गेलं पाहिजे. गारेगार काहीतरी द्या, तोंड बधिर होईल आणि गिळता येईल. नाहीतर कठीण आहे.’’

‘‘त्यांना थंड सोसत नाही,’’ सासूबाई म्हणाल्या.

‘‘आता उपाशी राहणं सोसत नाही,’’ वैद्यबुवा म्हणाले आणि चपला घालून निघाले.

मला लगेच माहेरच्या आइसकांड्या आठवल्या. आमच्या आईचा हात त्यात बसलेला. आंब्याच्या, जांभळाच्या, कैरी-पुदिन्याच्या, जे हाताला लागेल त्याच्या ती करायची. यंत्र नाही की काही नाही. रस उभ्या पेल्यात भरायचा, तोंडाला पान बांधायचं, पानात काडी खुपसायची, पेले बर्फ-मिठाच्या बादलीत गळ्यापर्यंत पुरायचे आणि वर गोणपाट टाकून द्यायचं. मी हे सांगितलं तर सासूबाई माझ्याकडे अशा बघत राहिल्या की जणू मी आत्यांना विहिरीत ढकला म्हणतेय.

‘‘बर्फ कुठल्या पाण्याचा?’’

‘‘सोलापूरच्या नळाच्या.’’ खोटं बोलायचं सुचलं नाही.

‘‘मग झालंच की.’’

मी म्हटलं, बर्फ बाहेर, रस आत, मध्ये पितळेचा पेला. आतलं पाणी आपल्या आडाचं. त्यांनी आत्यांच्या खोलीकडे एकदा बघितलं. मग हळूच म्हणाल्या, ‘‘हे बघ, जन्मभर त्यांनी एवढं जपलं. दुसरं काय होतं त्यांच्यापाशी? आता शेवटाला ते माझ्या हातून मोडायला नको, एवढंच वाटतं बाई मला.’’ मला त्यांचा राग येत होता तो तिथे जरा थांबला. त्यांनाही आत्या हव्याच होत्या. फक्त त्या आत्यांना सोवळ्यासकट वाचवू पाहत होत्या.

शेवटी त्यांनी हो म्हटलं, पण ‘मी सांगेन तसं’ या अटीवर. दुसऱ्या दिवशी एकादशी. फळ उपासाला चालतं, तेवढं तरी सोपं होतं. एसटी स्टँडजवळच्या सोड्याच्या दुकानात सोलापूरच्या पहिल्या गाडीनं बर्फ यायचा. हे जाऊन मोठा तुकडा घेऊन आले. मास्तर उपरण्याखाली ठिबकतं गाठोडं घेऊन चाललेले बघून वाटेत लोकांनी काय विचारलं असेल ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

खरबूज मी पिकलेलं, वासानं घर भरेल असं बघून आणलं होतं. गर पाट्यावर बारीक वाटला. आंबट काही नको, जिभेला झोंबेल. ज्येष्ठमध रात्री भिजवून ठेवला होता, त्याचं पाणी आणि खडीसाखर घातली. तुळशीची पानं चुरगाळून रसात बुडवली, वास उतरला तशी काढून टाकली. काड्या कशाच्या करायच्या हा प्रश्न आत्यांनी स्वतःच सोडवला. आतल्या खोलीतून त्या आमची गडबड ऐकत होत्या. बोबड्या बोलत म्हणाल्या, ‘‘वृंदावनातली जुनी तुळस वाळलीय, तिच्या घे.’’ आणि मी काड्या तासायला बसले तेव्हा म्हणाल्या, ‘‘म्हणजे तोंडात तुळस घालायची वेळ आलीच म्हणायची.’’

‘‘आत्या, असलं बोलू नका,’’ मी म्हटलं. त्यांना हसू आलं आणि हसताना तोंड दुखलं.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग सासूबाई सोवळं नेसून आल्या. परातीत बर्फ ठेवला आणि आडाचं पाणी वरून ओतायला लागल्या. मला वाटलं भुसा घालवतायत. भुसा गेला तरी थांबेनात. घागर संपली, दुसरी आली. नळाचं पाणी धुऊन काढायचं म्हणजे वरवर धुऊन कसं भागेल, हा त्यांचा हिशेब. बर्फ डोळ्यांदेखत झिजत होता आणि मी ‘सासूबाई, पुरे’, ‘सासूबाई, बास’ करत भोवती फिरत होते. त्यांचं समाधान झालं तेव्हा परातीत नारळाएवढा गोळा उरला होता.

एवढ्यावर निभावलं असतं. मी मिठाचं मडकं पुढे ओढलं तर त्यांनी हात धरला.

‘‘काय करायलीस? आज एकादशी. साधं मीठ चालत नाही. शेंदेलोण घाल.’’

‘‘मीठ बादलीत आहे सासूबाई, पोटात नाही.’’

‘‘बादलीत काय आहे नि पोटात काय आहे, आत्याबाईंनी विचारलं तर मी काय सांगू? आणि मला खोटं बोलता येत नाही, इंग्रजीतल्यांसारखं.’’

घरात शेंदेलोण, म्हणजे उपासाचं सैंधव, होतं मूठभर. ते मी नारळाएवढ्या बर्फावर भुरभुरलं. बाजारातून आणावं तर दुकानाच्या दाराला दुपारची कडी. गोणपाट टाकून आम्ही बसलो. मी मध्येच उचलून बघायची, सासूबाई दटावायच्या. आत्या आतून विचारायच्या, ‘‘झालं का गं?’’ आदल्या दिवसापर्यंत कशालाच नको म्हणणारा माणूस ‘झालं का’ विचारतोय याचाच मला केवढा आनंद झाला होता. उन्हं उतरली तेव्हा पेला काढून पान सोडलं, काडी उचलली. काडी तेवढी वर आली. रस होता तसा, नुसता गारसर. पेला तोंडाला लावायला गेलो तर कड फोडांना लागली आणि आत्यांनी मान फिरवली.

मी आडाशी जाऊन रडले. दुःखानं कमी, संतापानं जास्त. सासूबाई मागून आल्या. माझ्याकडे न बघता रहाटाला हात लावून म्हणाल्या, ‘‘उद्या द्वादशी. उद्या साधं मीठ चालतं.’’ मग जाता जाता, ‘‘बर्फही तूच बघ. मी जपाला बसेन.’’ कमीपणा घ्यायची त्यांची ही रीत होती. मला तेवढी पुरली.

द्वादशीला पहाटेच आंघोळ करून मी स्वतः सोवळं नेसले. आडाचं पाणी शेंदलं, उरलेल्या खरबुजाचा रस तसाच केला. बर्फ आला. भुसा घालवला, फोडला, थरावर थर देत खडेमीठ चांगलं ओंजळी भरभरून टाकलं. पेले पुरले आणि बादली कोपऱ्यात ठेवून तिच्याकडे पाठ करून बसले, म्हणजे उघडायचा मोह होणार नाही. सासूबाई देवघरात जपाला बसल्या होत्या, पण माळ काही सरकत नव्हती.

दुपारी पेला काढला तर हाताला चिकटला. बाहेरून पांढरा पडलेला. आता आतली कांडी सुटायची तर पेल्यावर साधं पाणी ओतावं लागतं. मी सासूबाईंना हाक मारली. ‘‘तुमच्या आडाचं पाणी ओता. भरपूर ओता.’’ त्यांनी चहूबाजूंनी पेला धुतला, बुडापासून गळ्यापर्यंत. मीठ गेलं, बर्फाचं पाणी गेलं, नळ गेला, चामडं गेलं, आणि कांडी अलगद सुटून माझ्या हातात आली. धुणं लागतच होतं. आदल्या दिवशी ते आधी झालं होतं, एवढंच. सासूबाई माझ्याकडे बघून पहिल्यांदा मोकळेपणी हसल्या.

आम्ही दोघी ती केशरी कांडी घेऊन आत गेलो. सासूबाईंनी आत्यांना सगळं सांगितलं. कुठलं पाणी, कुणी शेंदलं, पेला कसा धुतला. काही लपवलं नाही. आत्यांनी ऐकून घेतलं आणि कांडीकडे बघत राहिल्या. मग मान हलवली. नको.

‘‘अहो, सोवळं कुठं मोडलं नाही,’’ सासूबाई काकुळतीला आल्या. ‘‘माझी शपथ आहे.’’

‘‘सोवळ्याचं नाही गं,’’ आत्या म्हणाल्या. बोलताना दुखत होतं, म्हणून एकेक शब्द सावकाश येत होता. ‘‘मी परत आले ना इकडं, त्याच उन्हाळ्यात गारा पडल्या होत्या. अंगण पांढरं झालेलं. सगळी पोरं पळाली, तशी मीबी पळाले. ओचा भरून वेचल्या. तोंडात टाकणार, तर काकूनं हात धरला. म्हणाली, तुला आता असलं चालत नाही. ओचा झटकायला लावला. मग दरवर्षी गारा पडल्या की मी देवघरात जाऊन बसायची. दिसायलाच नकोत. कुणी विचारलं तर सांगायची, थंड सोसत नाही मला.’’

कांडी ठिबकायला लागली होती. मला रडू येत होतं आणि कधीच्या मेलेल्या त्या काकूचा असा राग आला होता की समोर असती तर मी काही बोलून बसले असते. सासूबाईंनी माझ्या हातातून कांडी घेतली. सोवळ्यानिशी आत्यांच्या अंथरुणावर बसल्या, स्वतःचा पदर त्यांच्या हनुवटीखाली धरला आणि लहान मुलाला म्हणावं तसं म्हणाल्या, ‘‘आता चालतं. मी सांगते ना. उघडा तोंड.’’

आत्यांनी तोंड उघडलं. पहिल्यांदा ओठ लावून मागे घेतले. मग पुन्हा लावले. मग डोळे मिटले. कितीतरी दिवसांनी त्यांच्या गळ्याची घाटी खाली-वर होताना आम्ही पाहिली. त्या चोखत राहिल्या आणि सासूबाईंचा पदर केशरी होत गेला. शेवटी हातात नुसती तुळशीची काडी राहिली, तरी त्या ती सोडेनात.

‘‘दुसरी आणू?’’ मी विचारलं.

त्यांनी मान डोलावली. मी उठले तशी माझा हात धरला.

‘‘तिकडं सोलापुरात गारा पडत असतील की,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तू खाल्ल्यास?’’

‘‘खूप.’’

‘‘अशाच लागतात का गं?’’

मी विचार केला. गारांना कसली चव. दाताखाली कचकच होते, जराशी माती लागते, की झालं. ‘‘नाही आत्या,’’ मी म्हटलं, ‘‘हे त्याहून कितीतरी चांगलं आहे.’’

‘‘असू दे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तू हो म्हण.’’

मी हो म्हणाले.