हेवीवेट संशयित

ती घटना आजही आठवते, पण माझ्या हुशारीमुळे नव्हे. बीटी कपाशीच्या पाकिटांसाठी दुकानांपुढे रांगा लागायच्या, तेव्हा मी जळगाव जामोदला ठाणेदार होतो. एका बियाणे विक्रेत्याला त्याच्याच गोदामात कोणीतरी ठोसा मारून आडवे केले. मार कपाळावर, आणि जबाब काय, तर "मागून आला, दिसला नाही." शंका तिथेच यायला हवी होती. मला आली नाही.

दुपारी त्याचा भागीदार खबर घेऊन आला. "साहेब, असा हात गावात एकाचाच."

तो एकजण म्हणजे तालुक्यातला एकमेव व्यावसायिक हेवीवेट मुष्टियोद्धा, पेरणीसाठी घरी आलेला. वडिलांचे बियाणे उगवले नाही म्हणून आदल्या दिवशी दुकानात ओरडून गेला होता. मी खूश! लगेच स्टेशन डायरीला नोंद केली आणि दोन दिवस त्याला सकाळपासून संध्याकाळपर्यंत बाकावर बसवले. चार दिवसांवर मुंबईत त्याची लढत होती. वय पस्तिशीचे. ही हरला की पुढची मिळणार नव्हती, आणि गुन्हा दाखल झाला की मुष्टियुद्धाचा परवानाच जाणार होता.

"काऊन मारलं बे?" मी दरडावले.

"म्या मारलं असतं तं शेठ दुसऱ्या दिवशी दुकानात बसला असता का, साहेब? लागलं कुठं त्याले?"

मी ऐटीत डॉक्टरांचा दाखला वाचला.

तो हसला. "कपाळावर? हे नवशिक्याचं काम. बिना ग्लोव्हजच्या मुठीनं कपाळावर हाणलं का करंगळीमागचं हाड मोडते. उजवा हात सुजलेला माणूस धुंडा."

हवालदार खाकरला. "साहेब, तो भागीदार कालपासून डाव्या हातानं चहा पिऊन राह्यला. तुम्हीच पाजून राह्यले."

भागीदाराच्या हाताचा एक्स-रे काढला. हाड मोडलेले होते. बोगस पाकिटांच्या वाटणीवरून दोघे भांडले होते. त्याचे बिंग फुटेल म्हणून मार खाणाऱ्यानेही "दिसला नाही" असे सांगितले होते.

मुष्टियोद्ध्याला मी स्वतः जीपने नांदुरा स्टेशनवर सोडले. लढत तो गुणांवर हरला. तीच त्याची शेवटची.

दणकट माणूस समोर आला की पोलीस पुरावा शोधायचा थांबतो, हे मी तेव्हा शिकलो. पुढे बाजारात भेटला तेव्हा विचारले, "सराव बुडाला म्हणून हरला का रे?"

"नाही हो, साहेब. समोरचं पोरगं तेवीसचं होतं," असे म्हणून त्याने माझ्या हातातली भाजीची पिशवी घेतली आणि जीपपर्यंत आणून दिली.

शंका येऊनही उभ्या नोकरीत एवढाच जबाब मी फिरवून विचारला नाही. हिंमत झाली नाही.