वामनकाकांच्या झाडाचे वीस हिस्से

नागपूरच्या जुन्या शुक्रवारीतल्या आमच्या गल्लीत पोरांना पैशाची अक्कल शिकवायचा मक्ता वामनकाका गिरडकरांनी घेतला होता. दिला कोणीच नव्हता, हे आधी सांगते. संत्रा मार्केटात तीस वर्षं दलाली केलेला माणूस, पण घरात त्यांच्या हाती चहापुरते पैसे. बाकी सगळे मनकर्णाकाकूच्या कमरेच्या बटव्यात. घरात ज्याला कोणी भाव विचारत नाही, तो अंगणात वर्गच काढणार. दर रविवारी सकाळी चटई अंथरायची आणि तिच्यावर आम्ही सात-आठ कार्टी.

बाजारात तेव्हा भाव तोंडानं बोलत नसत. दलाल आणि गिऱ्हाईक दुपट्ट्याखाली हात घालायचे, बोटं दाबून भाव ठरवायचे. बघणाऱ्यांना फक्त चेहरे दिसायचे. काकांनी पहिले तीन रविवार हेच शिकवलं. म्हणजे प्रयत्न केला, कारण त्यांना भल्ल्या गुदगुल्या व्हायच्या. आमच्यातल्या लहानूनं बोट धरलं रे धरलं की काका चटईवर लोळायचे, आणि उठून आम्हालाच बजावायचे, "सौद्यात चेहरा दगडावानी ठेवा लागते."

चौऱ्याहत्तर सालच्या फेब्रुवारीत त्यांच्या अंगणातलं संत्र्याचं झाड फुललं आणि काकांनी कंपनी काढली. झाडाचे वीस हिस्से, एक हिस्सा चार आण्याला. फळं विकली की आलेले पैसे हिश्शाप्रमाणे वाटायचे. तोवर हिस्से आपसात विका, घ्या, भांडा. मार्चमध्ये वादळानं फुलं झडली तर भाव दहा पैशांवर आला, आणि लहानूनं रडत रडत सगळे हिस्से आमच्यातल्याच बळीरामला विकले. फळ लिंबाएवढं झालं, भाव आठ आणे. दिवाळीनंतर फळं पिवळी पडली तर भाव रुपया. झाड तेच, संत्री तेवढीच, आणि आम्ही येडे झालेलो.

त्यात सगळ्यात येडी मी. शाळेची रामटेकला सहल होती, फी तीन रुपये, सोमवारी भरायची. बाबांनी दिलेले ते तीन रुपये मी बुधवारीच बळीरामच्या हातावर ठेवले आणि तीन हिस्से घेतले. काहून? तर काका म्हणाले होते, भाव चढून राहिला. ते दलाल होते, बाई. झोपेतसुद्धा तेच म्हणायचे.

रविवारी विक्री. झाडाचे वीस रुपये आले तर माझे तीन सुटत होते. नाहीतर सहल बुडाली, वर बाबांचा मार.

गंमत बघायला म्हणून मार्केटातले व्यापारी ताराचंदशेठ आले होते. आधी त्यांनी झाडाला एक फेरी मारली, मग दुपट्ट्याखाली हात घातला. एक बोट म्हणजे पाच रुपये, असं काकांनी आधीच सांगितलेलं. काकांचा चेहरा खरोखर दगड. मग रीत म्हणून त्यांनी विचारलं, "शेठची बोली चांगली हाय. अजून कोणी?"

"मी," काकू म्हणाली. स्वयंपाकघरातून आली होती, हात ज्वारीच्या पिठानं भरलेले. "अवो, घरचं झाड हाय. माही बोली घ्या."

काकांना हसू आलं, पण नियम म्हणजे नियम. त्यांनी दुपट्टा पुढे केला. काकूनं खाली हात घातला.

लग्नाला एकतीस वर्षं झाली होती. चारचौघांत त्या बाईनं नवऱ्याचा हात कधी धरला नसणार, घरातही धरला असेल का देवालाच ठाऊक. काका कानापर्यंत लाल झाले. गुदगुल्या नाहीत, हसू नाही, काही नाही.

"झाला सौदा," ते बारीक आवाजात म्हणाले.

"कितीत?" मी विचारलं.

"बोटं मोजाचं राह्यलंच वं."

"एक बोट," काकू शांतपणे म्हणाली. "पाच रुपये."

दीडशेच्या वर संत्री, आणि पाच रुपये! माझ्या तीन रुपयांचे बारा आणे झाले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "काका, हा बाजार हाय का लगन? मी रामटेकले कशी जाऊ?" शेठ पोट धरून हसत होते. काका मात्र हात बाहेर काढायला तयार नव्हते.

मग मी काकूकडे वळले. "मले पैसे नको. माह्या तीन हिश्शांची फळं द्या."

"घे ना," काकू म्हणाली. तिचंही लक्ष कुठे होतं?

माझ्या वाट्याला चोवीस संत्री येत होती. निवडून निवडून मोठाली तोडली आणि शेठपुढे ओतली. "शेठ, हात द्या. एक बोट एक रुपया." दुपट्टा रिकामा नव्हता, म्हणून मी हिशेबाच्या वहीसाठी आणलेलं दप्तर हातांवर टाकलं. शेठनी माझी दोन बोटं धरली. मी उरलेली दोन त्यांच्या मुठीत घुसवली आणि दुसऱ्या हातानं त्यांचं मनगट पकडलं.

"अरे छोड, बेटी."

"चार में छोडूंगी."

शेठनी चार रुपये काढून दिले. तेव्हा कुठे काकांनी मान वळवली. "किती आले वं, प्रेमिला?"

"चार."

"वा. शिकली तू," ते म्हणाले. तीस वर्षांत इतका बेकार सौदा त्यांनी केला नव्हता, आणि इतकं खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मला अजून राग येत होता. म्हटलं, "काका, आता तरी हात सोडा."

काकू म्हणाली, "तू जाय वं रामटेकले."