संमतीचा कागद

गल्लीत तिला सगळे कवळीवाली म्हणत. दातांच्या डॉक्टरांकडून आलेल्या मापावर मेणाची हिरडी चढवायची, तिच्यात एकेक दात बसवायचा, वरचा-खालचा चावा जुळतो का ते बघायचं, हे काम ती अकरा वर्षं करत होती. हात इतका सफाईचा की नवीन पोरींना मालक तिच्याच टेबलाशी उभं करी.

लेक तीन वर्षांची असताना तिने नवऱ्याचं घर सोडलं. तो पंख्याच्या मोटारी दुरुस्त करायचा. गिऱ्हाइकाशी बोलताना तोंडात साखर, आणि घरात आला की हात चालवायचा. शेवटच्या वेळी तिचं मनगट मोडलं. बोटांवर पोट असलेल्या बाईचं मनगट. ते जुळून यायला चार महिने लागले, आणि त्या चार महिन्यांतच तिने वेगळी खोली बघितली. पुढच्या सहा वर्षांत घटस्फोट झाला, पण त्याने मुलगी जिवंत आहे का मेली, एवढंही विचारलं नाही. मुलगी हट्टी निघाली, म्हणून सगळे तिला ठमी म्हणत.

मग वेल्डर भेटला. परदेशात गोदीत कामाला होता, सुट्टीवर आलेला, मोजकं बोलणारा. म्हणाला, "मुलीसकट ये." तिला मागणी घालणाऱ्या आधीच्या दोघांनी मुलीला आजोळी ठेवायचं सुचवलं होतं. याला तिने लगेच होकार दिला. लग्न झालं, तो पुढे गेला, आणि इकडे व्हिसाच्या कचेरीत घोडं अडलं. मुलीला देशाबाहेर न्यायचं तर सख्ख्या बापाची लेखी संमती हवी होती.

ती त्याच्या दुकानात गेली. तो मोटारीवर तांब्याची तार गुंडाळत होता, मान वर न करता म्हणाला, "सही करतो की. मी काय आडवा येणारा माणूस आहे? फक्त तू एक लिहून द्यायचं."

"काय लिहायचं?"

"तू दुसऱ्या माणसासाठी घर सोडलंस. मारहाण वगैरे काही झाली नव्हती. माझ्या आताच्या सासुरवाडीचे लोक अजून टोचून बोलतात मला."

"काय झालं होतं ते तुम्हाला ठाऊक आहे."

"मला ठाऊक आहे ना. त्यांना कशाला?"

चौथ्या दिवशी ती नोटरीसमोर बसली. त्याच्या हट्टामुळे सगळं एकाच कागदावर आलं, वर तिचा कबुलीजबाब आणि खाली त्याची संमती. नोटरीने चष्म्यावरून बघत विचारलं, "बाई, नीट वाचलंत ना?"

"मीच लिहिलंय," ती म्हणाली आणि सही केली.

परदेशात लाँड्रीच्या वर दोन खोल्या होत्या. भिंती दिवसभर खालच्या यंत्रांनी थरथरत. पहिल्याच महिन्यात शाळेला ठमीचे सगळे कागद हवे होते, ते वेल्डरने काढून वाचले.

"हे खोटं आहे ना?" त्याने विचारलं.

"तू मला भेटलास तेव्हा घर सोडून सहा वर्षं झाली होती."

"मी माझ्याबद्दल नाही विचारलं," तो म्हणाला आणि कागद परत ठेवला.

माणूस वाईट नव्हता. ठमीला शाळेत सोडायचा, तिच्यासाठी उबदार बूटही आणले त्याने. पण ती त्याला बाबा म्हणेना, त्याचा आवाज आला की दार लावून घेई. त्यावरून दोघांची कुरबुर सुरू झाली की तो कागद बोलण्यात यायचाच. बायकोला कामावरून यायला उशीर झाला, की तो घड्याळाकडे बघायचा. एका रविवारी तो शांतपणे म्हणाला, "मी कुठे काय म्हणतोय? तुझ्या हाताने लिहिलंयस तू." चौथ्या वर्षी तिने पुन्हा एकदा वेगळी खोली बघितली.

ती सामान बांधत असताना तेरा वर्षांची ठमी दारात उभी होती. दोघांची भांडणं तिने भिंतीपलीकडून पुरती ऐकली होती.

"त्या कागदात लिहिलंय ते खरं आहे?"

तिने मुलीला सगळं सांगितलं, मनगटासकट.

"मग खोटं का लिहिलंस?"

"तुला बरोबर आणायचं होतं म्हणून."

"मी म्हटलं होतं का, आण म्हणून?"

आई पुस्तकं खोक्यात भरत राहिली.

आता तिला तिथल्या दातांच्या कारखान्यात काम आहे. बरीच वर्षं नुसतं प्लास्टर घासायला दिल्यावर गेल्या वर्षी दात बसवायला मिळाले. ठमी एकोणीस वर्षांची आहे. बापाचा नंबर तिने स्वतःच शोधून काढला. दर रविवारी फोन होतो. भाषा अडखळते तिची, तो तिकडून शब्द पुरवतो.

परवा फोन ठेवून ती स्वयंपाकघरात आली. "बाबा म्हणाले, त्यांनी तुला कधीच माफ केलंय. झालं गेलं त्यांच्या मनात नाही."

आई ताट पुसत होती. तिने ते पुसून जागेवर ठेवलं, दुसरं घेतलं.

"बरं," ती म्हणाली. "निरोप मिळाला म्हणून सांग."