दोरीचं बाहेरचं टोक

फायर ब्रिगेडवाल्याले किस्से जमवा लागत नाही. आगीवरून घरी आलं की कपड्यातून धुराचा वास चार दिवस जात नाही, तसे ते आंगाले चिकटूनच राहतात. ऐकणारे हसतात. मीही हसतो. पण सांगताना माझे हात आजही थंडे पडतात, हे आधीच सांगून ठेवतो.

सत्तरच्या नंतरची गोष्ट, नागपूरची. गाडीवर सहा माणसं पाहिजेत असा नियम. निघायचो तिघं. कादरभाई ड्रायव्हर, ढोमणे जमादार अन् मी. बाकीचे कोणी सुट्टीवर, कोणी मंत्र्याच्या सभेच्या बंदोबस्तात, अन् काही जागा तर भरल्याच नव्हत्या. जमादार माणसं मागाले गेले की साहेब एकच म्हणत, "भेटतील."

म्हणून जमादारांनी आपली एक रीत पाडली होती. धुरात जायच्या आधी माझ्या कमरेले दोरी ते स्वतः बांधत. बाहेरचं टोक त्यांच्या हातात. एक झटका म्हणजे "आहे". दोन म्हणजे "ओढा". धुरात डोळे कामाचे नाही, आवाज पोचत नाही. सारा जीव त्या दोरीवर.

* * *

माझी पहिली आग इतवारीतल्या तेलाच्या दुकानाची. मी दर पावलाले झटका देऊन राहिलो. बाहेरून जवाब आला की मंगच पुढचं पाऊल. बाहेर निघालो तर जमादार खांदा चोळत उभे.

"काहून गा, आग पाहाले गेला होता का माझा हात उखडाले?"

मी म्हटलं, जमादार, भेव लागत होतं. त्यांनी बिडी पेटवली, तर चार काड्या वाया गेल्या.

"बरं झालं बाप्पा," ते म्हणाले. "मले वाटलं, मलेच लागून राहिलं."

* * *

तोंडाले लावायचा श्वासाचा सेट साऱ्या स्टेशनात एकच, अन् तोही कपाटात, कुलपात. महागाचा म्हणून! आम्ही आपला ओला दुपट्टा नाकावर बांधायचो.

एकदा लाकडाच्या टालीले, म्हणजे वखारीले, आग लागली, तवा जमादारांनी भांडून तो सेट काढवला. मी तोंडाले लावला, धुरात शिरलो, अन् श्वासच येईना. सिलिंडर खाली, आत हवाच नाही! दोन्ही हातानं ओरबाडून काढला म्हणून वाचलो.

स्टोअरवाल्याले विचारलं तर तोच चिडला. "खाली कसा असंल? नवाकोरा आहे. आजवर कोणी हातच लावला नाही."

* * *

एकदा वरून इन्स्पेक्शन आलं. त्या दिवशी गाडीवर एकदम सहा माणसं! ऑफिसचा चपराशी, चौकीदार, बागेचा माळी, सगळ्याईले खाकी घालून उभं केलेलं. अन् नशीब असं, की सलामी चालू असतानाच घंटी वाजली. साहेबासमोर खाली उतरायची हिंमत कोणाची? निघाली वरात.

तिथं पोचल्यावर जमादारांले पाण्याचा पाइप धरा लागला, अन् माझी दोरी आली माळ्याच्या हातात. मी उंबरठा ओलांडला की तो बाहेर ओढे. पुन्हा गेलो, पुन्हा ओढलं. शेवटी मी त्याच्यावर धावलोच, की काहून ओढतं बे, दोन झटके दिले का मी?

त्याच्या डोळ्यात पाणी. "भाऊ, तुम्ही दिसेनासे होता न. मले नाही पाहावत."

* * *

माझी बायको कुसुम. ड्यूटीवर निघताना ती बाकी काही विचारत नसे, एवढंच विचारे, "दोरी ढोमणेभाऊच्याच हातात राहते न?" मी हो म्हणून निघे. लेक तवा रांगत होती.

दुपारचा घरी झोपलो की झोपेत माझ्या हातानं चादरीले झटका बसे. कुसुम शेजारी तांदूळ निवडत बसली राहे. ती चादरीले एक झटका देऊन देई. मंग मले शांत झोप लागे.

* * *

अन् मंग कापसाच्या बाजारातलं गोदाम पेटलं. कापूस वरून भडकत नाही, आंतल्या आंत धुमसते. कोणत्या कोपऱ्यात धुमसून राहिला हे पाहिल्याबिगर पाणी मारून उपयोग नव्हता. बाहेर रस्त्यावर कापूस भरलेल्या बंड्याच बंड्या, बैलासकट. जमादारांनी दोरी बांधली अन् मी आत गेलो.

झटका दिला. जवाब आला. अजून आत गेलो, दिला, आला. चांगला जोरदार. मनात म्हटलं, जमादार आज दमात आहेत.

एवढ्यात मांगं बोऱ्यांची थप्पी कोसळली अन् दाराचा उजेड गेला. मी दोन झटके दिले. ओढा! जवाब आला, एक. पुन्हा दोन दिले. पुन्हा एकच. वाटलं, जमादार सांगून राहिले की थांब, मी आहे. म्हणून थांबलो. छाती फुटाले आली, लेक डोळ्यासमोर आली, तरी थांबलो. कारण दोरीवर माणूस होता.

शेवटी राहवलं नाही. दोरी धरून, पोटावर, त्या थप्पीवरून सरपटत निघालो. दाराबाहेर आलो तरी दोरी संपेना. डोळे चोळत तिच्या मांगं गेलो. रस्त्याच्या कडेले एक भरलेली बंडी होती, बैल जुपलेले, अन् दोरी बांधली होती त्याईच्या जूले. बैलानं माशी हाकलाले मान झटकली. माझ्या कमरेले एक झटका बसला.

जमादार पलीकडून धावत आले. माझं तोंड चाचपलं, हात चाचपले, अन् रस्त्यावर बसून रडाले लागले. मी म्हटलं, जमादार, बैलाच्या भरोशावर सोडलं मले?

"काय करू गा? पाइप सुटून नाचाले लागला. कादरभाई पंपावर. धराले दुसरा होता कोण?" मंग त्यांनी बैलाकडं पाहिलं. "अन् तो जागा सोडून गेला नाही."

घरी मी काहीच सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी झोपेत माझ्या हातानं चादर ओढली असंल. कुसुमनं नेहमीसारखा एक झटका दिला.

मी ओरडत उठून बसलो, अन् चादरीचं दुसरं टोक कोणाच्या हातात आहे ते पहिले पाहिलं.