लेकीची साखर टिकेना

माझी मुलगी जन्मली तेव्हा चांगली गुटगुटीत होती. वर्ध्याच्या दवाखान्यात तिला काट्यावर ठेवताना नर्स हसून म्हणाली, "ही तर महिन्याभराची होऊनच आली, बाई." दुसऱ्या दिवशी तिला पाजायला घेतलं, तर ती ओठच हलवेना. तिचे हात थरथरले, डोळे एका बाजूला फिरले. टाचेतून रक्ताचा थेंब घेतला, तर साखर इतकी खाली की मशीनवर आकडाच आला नाही.

मग सुरू झालं सलाइन. साखरेचं पाणी अखंड चालू ठेवलं, तरच ती जागी राहायची. जरा कमी केलं, की मलूल. साखर टिकावी म्हणून दिलेल्या औषधानं तिच्या कपाळावर काळी मऊ लव उगवली, पण साखर काही टिकेना.

लहान मुलांच्या सर्जन डॉक्टरीणबाईंनी आम्हाला समोर बसवलं. माझे सासरेही होते. पवनारला त्यांची भाजीची वाडी, आणि स्वतःला कितीतरी वर्षांचा मधुमेह.

"हिचं स्वादुपिंड इन्सुलिन सोडायचं थांबतच नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "साखर आली की लगेच संपते. अशीच खाली जात राहिली तर मेंदूला धोका आहे."

सासरे म्हणाले, "माह्या आंगातली साखर कमी होत नाई, अन् या पोरीच्या आंगात टिकत नाई. अजब हाय!"

एक खास स्कॅन करायला तिला दूरच्या मोठ्या शहरात न्यावं लागलं. दोष सगळ्या स्वादुपिंडात पसरलेला असता, तर जवळजवळ सगळंच काढावं लागणार होतं, आणि पुढे जन्मभर मधुमेह. पण स्कॅनच्या फोटोत स्वादुपिंडाच्या शेपटाकडे, म्हणजे निमुळत्या टोकाला, एकच ठिपका चमकत होता. तो पाहून डॉक्टरीणबाईंचा चेहरा पहिल्यांदा सैल झाला.

"एवढाच भाग काढू," त्या म्हणाल्या. "पोट उघडायचं नाही. बेंबीतून कॅमेरा आणि बाजूला दोन-तीन बारीक छिद्रं."

"इतकुशा पोटात कॅमेरा?" सासऱ्यांनी विचारलं.

"हो बाबा. तुमच्या पेनातल्या रिफिलीएवढी जाड हत्यारं असतात."

ऑपरेशन वर्ध्यालाच झालं. मी बाहेर बाकावर बसले होते. नवरा उभाच होता, बस म्हटलं तरी बसेना. मध्येच एक डॉक्टर सांगायला आले : काढलेल्या तुकड्याची कड सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तिथे अजून दोष दिसतोय, आणखी थोडं काढतोय. मग पुन्हा वाट. अखेर डॉक्टरीणबाई स्वतः बाहेर आल्या. "कड स्वच्छ आहे," एवढंच म्हणाल्या, आणि भिंतीला टेकल्या.

पुढे त्यांनी आम्हाला आतलं चित्रण दाखवलं. पडद्यावर गुलाबी, ओलं, चमकणारं असं काहीतरी धडधडत होतं. त्यात फिकट पिवळसर स्वादुपिंड, बोटाच्या दोन पेरांएवढं. आणि त्याच्याकडे अगदी हळू, जणू झोपलेल्याला जाग येऊ नये अशी पुढे येणारी चिमुकली पकड. हे माझ्या लेकीचं आतलं जग होतं. नऊ महिने मी ते वागवलं, पण पाहिलं कधीच नव्हतं. मला हातही जोडता येईनात, नुसती बघत राहिले.

सलाइन थोडं थोडं कमी करत एके सकाळी बंदच केलं. शेवटची परीक्षा उपाशी ठेवण्याची होती. दूध न देता साखर टिकते का ते बघायचं होतं. काही तास ती खेळली. मग तोंड वेडंवाकडं केलं आणि असा टाहो फोडला, की अख्खा वॉर्ड वळून पाहू लागला.

"काऊन रडवून राह्यले पोरीले?" सासरे कळवळले.

"भूक लागलीय तिला, मामाजी," मी म्हणाले. आजवर नळीनं साखर पोचत होती, म्हणून तिला भूक कधी ठाऊकच नव्हती. उपाशी आणि तरीही एवढा जोर! टाचेतला थेंब तपासला, साखर अगदी नीट होती.

"घ्या, पाजा आता," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

तिनं असं ओढून घेतलं, की मला दुखलं. सासरे पाठ फिरवून खिडकीकडे उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते.